मुलांच्या हाती रायफल द्यायचीच असेल, तर दुर्बीण काढून द्या



आज स्वयंपाकघराबाहेरचा विषय घेतेय आणि थोडी भांडणार आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं. तेव्हापासून सोलापुरात घरोघरी मुलं म्हणायला लागली, ‘मम्मी, मला शूटिंग शिकायचंय.’ आपल्या समाजातल्या घरांतही हा हट्ट पोचला, आणि आपल्याकडे त्याची दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, ‘शी! जैनाच्या घरात बंदूक? पाप लागेल.’ दुसरं उत्तर बहुतेक पप्पांचं असतं. ते काही बोलत नाहीत, वाढदिवसाला दुकानात जातात आणि वर लांबलचक दुर्बीण बसवलेली एअरगन घेऊन येतात.

मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. माझी मुलगी सहावीत आहे, रेंजवर एअर रायफल शिकते आणि रोज देवदर्शन करूनच शाळेत जाते. म्हणून हे बाहेरून पाहून लिहीत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या मुलाने कागदावर नेम धरायला शिकणं आपल्या धर्माच्या आड येत नाही. पण त्याच्या रायफलवर कुठली साईट आहे आणि समोर कसलं चित्र आहे, हा प्रश्न मात्र धर्माचाही आहे आणि शिकण्याचाही. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

आधी ‘पाप लागेल’ म्हणणाऱ्या काकूंशी बोलते.

काकू, पाठशाळेत आपण हिंसेचे चार प्रकार शिकलो. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, दुकान चालवावं लागतं, वेळ आली तर स्वतःचं आणि घरच्यांचं रक्षणही करावं लागतं. त्यात जी हिंसा होते ती कमीत कमी व्हावी म्हणून आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, बघून चालतो. पण मारायच्या इराद्याने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला पूर्णच वर्ज्य. मग मला सांगा, दहा मीटरवर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या काळ्या गोलाला छर्रा लागला, तर कोणाला मारायचा संकल्प झाला? आपल्यात हातातल्या वस्तूइतकाच, किंबहुना जास्तच, मनातला भाव मोजतात. विळीने भाजीच चिरतो ना आपण?

आणि स्पर्धेचं म्हणाल, तर भरत-बाहुबलीची गोष्ट आपण मुलांना कितीदा सांगतो. दोन भावांच्या राज्याच्या वादात हजारो सैनिक मरू नयेत म्हणून मंत्र्यांनी काय ठरवलं? दोघांनीच लढावं, तेही शस्त्राशिवाय: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. त्यात पहिलं दृष्टियुद्ध. कोणाची नजर जास्त वेळ स्थिर राहते, एवढाच प्रश्न. ज्यांची मूर्ती पाहायला आपण श्रवणबेळगोळला जातो, त्यांची पहिली जीत नजरेची होती. रक्त न सांडता होणारी चढाओढ आपल्या परंपरेला नवी नाही.

पण काकू, तुमच्या बाजूनेही एक मोठा पुरावा आहे, आणि तो मी लपवणार नाही. यशोधर राजाची कथा आठवा. आईच्या आग्रहापोटी त्याने देवीपुढे खरा कोंबडा न देता पिठाचा कोंबडा कापला. जीव एकाचाही गेला नाही. तरी राजाला आणि त्याच्या आईला पशुयोनीत जन्मावर जन्म घ्यावे लागले, कारण पीठ कापताना भाव कोंबडा मारण्याचा होता. या कथेचं बोट आपल्या प्रश्नात बरोबर कुठे आहे, ते बघा. पुठ्ठ्यावर गोल असेल तर तो गोल आहे. पुठ्ठ्यावर हरीण, कबूतर किंवा माणसाचं डोकं असेल, तर तो पिठाचा कोंबडा आहे.

म्हणून आमच्या घरी नियम आहे की समोर गोलच हवा. जगालाही हे कळायला वेळ लागला. १९०० साली पॅरिसमध्येच ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरं उडवून मारायची स्पर्धा झाली होती, जवळजवळ तीनशे कबुतरं मेली म्हणतात. पुढे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळत्या हरणाच्या आकाराचं निशाण आलं. आज ऑलिंपिकच्या रायफलच्या एकाही प्रकारात प्राण्याचा आकार नाही, फक्त वर्तुळं आहेत. १२४ वर्षांनी पॅरिसच्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या पोराने वर्तुळांवर नेम धरून पदक घेतलं. हा बदल जैनांनी तरी आनंदाने पाहायला हवा.

आणि जाता जाता एक विचारते. ज्या घरात रेंजवर जाणाऱ्या मुलीकडे पाहून नाक मुरडतात, त्याच घरात मुलगा जेवताना मोबाईलवर माणसं मारून ‘किल’ मोजत असतो. दशलक्षणातसुद्धा. तिथे समोर चेहरे आहेत, रक्त आहे, मारल्याचा आनंद आहे. पीठ तिथे आहे, कोंबडाही तिथेच आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण मोबाईलचा आवाज बारीक ठेवलेला असतो.

आता दुर्बीणवाल्या पप्पांकडे वळते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

आपल्या अनर्थदंडविरती व्रतात हिंसादान नावाचा दोष सांगितला आहे. हिंसेची साधनं विनाकारण दुसऱ्याच्या हाती देणं, म्हणजे हिंसादान. वाढदिवसाची एअरगन या दोषात येते की नाही? माझ्या मते, ते साधन कशासाठी बनवलं आहे त्यावर ठरतं. दहा मीटरवरच्या कागदासाठी बनवलेली रायफल आणि लांबच्या फांदीवर बसलेलं पाखरू जवळ ओढून दाखवणारी रायफल, दोन्हींचा छर्रा ४.५ मिलीमीटरचाच असतो. फरक असतो तो वर बसवलेल्या साईटमध्ये. दुर्बीण मुळात कशासाठी? दूरचा जीव मोठा दिसावा म्हणून. अकरा वर्षांच्या पोराच्या हाती ती दिली की तो कागद बघत बसत नाही. गच्चीवर जातो आणि पाण्याच्या टाकीवरचं कबूतर बघतो. एका नातेवाइकांकडे मी हे स्वतः पाहिलंय. वर पप्पा म्हणतात, ‘कबुतरं गॅलरीत फार घाण करतात हो.’ अहो, मग जाळी लावा!

आपल्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, तिथे काळवीटं फिरतात. हिप्परगा तलावावर थंडीत लांबून पक्षी येतात. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने लोकांना एअरगन परत करायचं आवाहन केलं, कारण एअरगनच्या शिकारीने तिथल्या जंगलातली पाखरंच कमी व्हायला लागली होती. लोकांनी हजारांनी बंदुका आणून दिल्या. शिकार हा तिथल्या जुन्या रीतिरिवाजाचा भाग होता, तरी त्यांनी दिल्या. आणि आपण, अहिंसा परमो धर्म म्हणणारे, परवाना लागत नाही म्हणून ती वस्तू खेळण्याच्या कागदात गुंडाळून देतो. परवाना लागत नाही याचा अर्थ ती खेळणं आहे असा होत नाही. त्या छऱ्याने चिमणी मरते आणि माणसाचा डोळा जातो.

धर्माचं झालं. आता शिकण्याच्या बाजूनेही दुर्बीण का चूक आहे ते सांगते, कारण पप्पांना धर्मापेक्षा हे लवकर पटतं.

रायफलवर नेम धरायच्या साईट मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली ओपन साईट: डोळ्याकडच्या बाजूला एक खाच आणि नळीच्या टोकाला एक छोटा उंचवटा. त्या उंचवट्याला मराठीत ‘माशी’ म्हणतात. दुसरी पीप साईट: डोळ्याजवळ बारीक भोक असलेली चकती आणि टोकाला एक गोल रिंग. तिसरी दुर्बीण, म्हणजे टेलिस्कोप. लाल ठिपक्याची बॅटरीवाली साईटही मिळते, ती मी दुर्बिणीच्याच पंगतीला बसवते.

दुर्बिणीतून बघितलं की निशाण मोठं दिसतं, म्हणून पप्पांना वाटतं मुलाला सोपं जाईल. पण निशाणाबरोबर हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. मुलाला वाटतं, अरे बापरे, किती हलतंय! मग तो काळा गोल मधोमध आला रे आला की घाईने ट्रिगर ओढतो. ही घाईची सवय एकदा बोटाला लागली की काढता काढता कोचच्या नाकी नऊ येतात. शिवाय स्वस्तातल्या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात, दहा मीटरवर चित्र अंधुक येतं आणि डोळा जरा सरकला की नेमही सरकतो. स्प्रिंगच्या एअरगनचे धक्के खाऊन त्या ढिल्या होतात ते वेगळंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण आणणारे अभिनव बिंद्रा, २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२२ ला कैरोत विश्वविजेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, या सगळ्यांनी पीप साईटमधूनच नेम धरला. तुम्ही मुलाला जे दिलंय, त्याने तो यातल्या कोणाच्याच वाटेने जाणार नाही.

आता ओपन साईट. इथे मला काही कोच मंडळींशीही वाद घालायचा आहे. ‘आधी ओपनवर वर्षभर घासू द्या, मग पीप’ असं बरेच जण म्हणतात. ओपनच्या रायफली स्वस्त असतात, शालेय स्पर्धांत ओपन आणि पीप असे वेगळे गट असतात, ही त्यामागची कारणं मला समजतात. ओपनमध्ये अधर्म काही नाही. पण लहान मुलासाठी ती सोपी आहे हे मला मान्य नाही.

सुईत दोरा ओवताना तुमची नजर कुठे असते? सुईच्या नेढ्यावर. त्याच वेळी खिडकीबाहेरची पाटी वाचता येईल का? डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. ओपन साईटमध्ये मुलाला तीन अंतरं सांभाळायची असतात: जवळची खाच, हातभर लांबची माशी आणि दहा मीटरवरचा गोल. नजर तिन्हींवर पळत राहते आणि मूल थकतं. त्यात थोडं गणित करून बघा. खाच आणि माशी यांत साधारण ४० सेंटीमीटर अंतर धरलं, तर माशी खाचेत एक मिलीमीटर इकडे-तिकडे झाली की दहा मीटरवर छर्रा २५ मिलीमीटर सरकतो. काळ्या गोलाचा व्यास आहे ३०.५ मिलीमीटर, म्हणजे मध्यापासून कड जेमतेम १५ मिलीमीटरवर. एका मिलीमीटरच्या चुकीने छर्रा काळ्याच्या पार बाहेर! मूल रडवेलं होतं आणि आपण म्हणतो, ‘लक्ष कुठंय तुझं?’

पीप साईटमध्ये काय होतं? बारीक भोकातून बघताना जवळचं-लांबचं दोन्ही बरंच स्पष्ट दिसतं. चष्मा नसला की आपण डोळे बारीक करून बसची पाटी वाचतो ना, तसंच. आणि भोकाचा मध्य शोधायला मुलाला शिकवावं लागत नाही, डोळा आपोआप मधोमध येतो. उरतं काय, तर मोठ्या बांगडीत मधली बांगडी आणि मधलीच्या बरोबर मध्ये टिकली. मागचं भोक, पुढची रिंग, निशाणाचा काळा गोल. रांगोळीचा मध्य बरोबर काढणाऱ्या आपल्या मुलींना हे पहिल्या दिवशी कळतं. माझ्या लेकीला दहा मिनिटांत कळलं.

म्हणून कोचकडे जाल तेव्हा गप्प बसून फक्त फी भरू नका. एवढं विचारा.

पुढच्या रिंगा बदलता येतात का, आणि मुलाला मोठी मिळेल का? काळा गोल दहा मीटरवरून जेवढा दिसतो, तेवढा दिसायला डोळ्यापासून मीटरभरावरची रिंग तीन मिलीमीटरची लागते. काळ्याभोवती पांढरी कड नीट दिसावी म्हणून रिंग त्याहून मोठी हवी. नवख्या मुलाला चार मिलीमीटरची किंवा त्याहूनही मोठी द्या. लहान रिंगेत नेम जास्त बारीक धरता येईल असं वाटतं, पण मूल ती पांढरी कड सारखी करत श्वास कोंडून बसतं आणि शेवटी ट्रिगर हिसकतं.

दुसरा प्रश्न डोळ्याचा. मुलाचा प्रमुख डोळा कुठला हे घरीच बघा. हात लांब करून बांगडी धरायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघू दे, मग एकेक डोळा झाकू दे. ज्या डोळ्याने घड्याळ बांगडीतच राहतं, तो प्रमुख. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रमुख निघाला तर कोचला आधीच सांगा, नाहीतर महिनाभर नेम का चुकतो ते कळणार नाही. दुसरा डोळा दाबून मिटायला लावू नका, त्याने चेहरा आवळतो. साईटला पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी लावतात, तिच्या आड डोळा उघडाच राहू दे.

तिसरा प्रश्न वजनाचा. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असते. त्या वजनाची पिठाची पिशवी खांद्याशी धरून पाच मिनिटं उभं राहून बघा, मग मुलाला ओरडा. सुरुवातीला रायफल स्टँडवर टेकवूनच शिकवतात का, ते विचारा.

आणि चौथी गोष्ट साईटच्या बटणांची. एक छर्रा भलतीकडे गेला की लगेच साईटचं बटण फिरवायचं नाही. स्टँडवरून पाच छर्रे मारायचे. पाचही एकमेकांजवळ पण मध्यापासून दूर पडले, तर दोष साईटचा, तिचं बटण फिरवायचं. पाच ठिकाणी विखुरले, तर साईटला हात लावायचा नाही, आपलं उभं राहणं आणि बोट बघायचं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक. त्याच्यामागे पहिल्याच महिन्यात धावायचं नाही. पहिल्या महिन्यात छर्रे एका जागी जमले की पुरे.

किती वर्षांपासून? माझं मत, दहाच्या आधी नकोच. जर्मनीत सगळ्यात चांगल्या रायफली बनतात आणि गावोगावी शूटिंग क्लब आहेत, तिथेसुद्धा एअर रायफलसाठी साधारण बारा वर्षांची अट आहे. त्याआधी मुलांना प्रकाश सोडणाऱ्या रायफलवर शिकवतात, छर्राच नसतो. हे मला फार आवडलं. आपल्याकडे ते नसेल तर छर्रा न भरता नुसता नेम धरायचा सराव तर फुकट होतो. श्वास, नजर, बोट आणि ट्रिगर ओढल्यावरही क्षणभर स्तब्ध राहणं. सामायिकाला ४८ मिनिटं बसणाऱ्या घरातल्या मुलांना स्तब्ध राहणं म्हणजे काय, हे निदान ऐकून तरी माहीत असतं.

रायफल घ्यायची घाई करू नका, रेंजची वापरू द्या. घेतलीच तर ती आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या आईकडे. छऱ्यात शिसं असतं, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. जाकीट आणि हातमोज्यांत बऱ्याचदा चामडं असतं. खरेदी करताना विचारायला लाजू नका, कॅनव्हास आणि कृत्रिम कापडाचे मिळतात, थोडं शोधावं लागतं. चौविहार असेल तर दिवस मावळायच्या आत जेवण होईल अशी वेळ मागून घ्या. मी मागितली आणि मिळाली. आपण मागतच नाही आणि मग म्हणतो, हा खेळ आपल्यासारख्यांचा नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, ‘एवढं सगळं करण्यापेक्षा बॅडमिंटन काय वाईट?’ अजिबात वाईट नाही. ज्या मुलाला नेमाची ओढ नाही, त्याला ओढून नेऊ नका. पण ज्या मुलीला ती आहे, तिला ‘जैन असून?’ एवढंच म्हणून घरी बसवू नका. आणि मी मुलगी म्हणतेय ते मुद्दाम. दुर्बीणवाली एअरगन वाढदिवसाला मुलालाच मिळते, मुलीला कोणी देत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. पण रेंजवर जरा बघा. तेजस्विनी आपल्या कोल्हापूरची. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले, एकही छर्रा दहाच्या बाहेर नाही. या खेळात दांडगाई चालत नाही, धीर चालतो. सोलापुरात ज्या काळी मुलींनी, त्यातही विधवांनी शिकणं हेच पाप समजत, त्या काळी आपल्याच समाजातल्या बायकांनी श्राविका संस्था उभी करून त्यांना शिकवलं. त्यांनाही ‘आपल्यात असं चालत नाही’ हेच ऐकावं लागलं असणार. आणि उल्लाळची राणी अब्बक्का जैनच होती, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी लढली. आमच्या मुलींना तर कोणाशी लढायचंही नाही.

एक धोका मात्र मला खरा वाटतो, आणि तो बंदुकीचा नाही. दहा गुण पडले की मान ताठ होते. बाहुबली सगळं सोडून वर्षभर ध्यानात उभे राहिले, वेली अंगावर चढल्या, तरी मनातला एक काटा गेल्याशिवाय केवलज्ञान झालं नाही. मुलाने किती गुण घेतले हे व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर टाकणाऱ्या आयांनी (आणि पप्पांनी) हे आठवावं. कषाय वाढवायचा असेल तर त्याला रायफलच लागते असं नाही, स्कोअरकार्ड पुरतं.

तर काकू, या रविवारी देवळातून येताना आमच्याबरोबर रेंजवर चला. समोर काय टांगलंय ते स्वतः बघा, पीपमधून एकदा डोळा लावा, छर्रा न भरता. त्यानंतरही पाप वाटलं तर सांगा, स्वाध्यायाला बसून बोलू.

आणि पप्पा लोकहो, कपाटावर जी दुर्बीणवाली आहे ना, तिची दुर्बीण आज संध्याकाळी काढून ठेवा. बहुतेकांना चारच स्क्रू असतात. रायफलवर ११ मिलीमीटरची खाचेची पट्टी असेल तर साधी पीप साईट त्यावर बसते का, ते कोचना दाखवून घ्या. नसेल बसत, तर ती एअरगन कुलपात टाका आणि पोराला रेंजवर घेऊन जा. गच्चीवरच्या कबुतरांसाठी जाळीचं माप मात्र आजच घ्या, चौरस फूट दरात मिळते, फार महाग नाही.

जय जिनेंद्र.